लिंबाखालचे पाच दगड

आमच्या कॉलनीचं नाव मी इथं लिहिणार नाही. ते गोड आहे, चार लोकांत सांगायला बरं आहे आणि पहिल्या दिवसापासून खोटं आहे, एवढं पुरे. विजापूर रोडनं निघालं की सोलापूर संपतं तिथं, म्हणजे तेव्हा संपायचं तिथं, ती वसली. आता शहर तिला ओलांडून कुठल्या कुठं गेलंय. गेल्या महिन्यात कमिटीचा एक तरुण माझ्याकडं आला. सोसायटीची स्मरणिका निघणार होती. 'आजी, तुम्ही सगळ्यात जुन्या. कॉलनीच्या इतिहासावर दोनशे शब्द द्या. जरा पॉझिटिव्ह लिहा,' म्हणाला. नमुना म्हणून त्यानं अध्यक्षांचं मनोगत पुढं केलं. पहिलंच वाक्य असं, की इथं पूर्वी उजाड माळ होता आणि मूठभर ध्येयवेड्या माणसांनी त्याचं नंदनवन केलं. मी कागद त्याच्या हातात परत दिला आणि चहाही न विचारता त्याला वाटेला लावलं. उजाड माळ म्हणे. काळं रान होतं ते, आणि आमचं होतं. शाळूची ज्वारी त्यात अशी उंच यायची की मी आत शिरले तर माझ्या आईला हाका मारत बांधाबांधानं फिरावं लागायचं. दोनशे शब्दांत हे मावणार नव्हतं, म्हणून ते इथं लिहिते आहे.

आईला मी अव्वा म्हणायची. ती अक्कलकोटच्या पलीकडच्या गावची, माहेरची भाषा कानडी. रागावली की मराठीत बोलायची आणि लाडात आली की कानडीत. वडील म्हणजे आप्पा. त्यांनी रान का विकलं, भावाभावांत काय झालं, ते सगळं मी इथं उगाळत बसत नाही. विकताना त्यांनी कोपऱ्यावरचा एक तुकडा ठेवून घेतला. त्यात आमचं दोन खोल्यांचं घर, विहीर आणि दोन म्हशींचा गोठा. आणखी एक गोष्ट त्यांनी मागितली होती. कॉलनीच्या मधोमध जी मोकळी जागा सोडलेली होती, तिथं एक जुना कडुलिंब होता आणि लिंबाखाली पाच दगड होते. ते आमचे पांडव. वर्षातनं एकदा, वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, तिथं आमची पूजा होणार, त्याला कुणी हरकत घ्यायची नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे तोंडी. आप्पांना वाटलं, शिकलेली माणसं आहेत, बोललेलं पाळतील. शिकलेल्या माणसांविषयी आप्पांच्या कल्पना फार चांगल्या होत्या.

पहिली दोनतीन वर्षं ती माणसं खरंच गोड वागली. घरं अर्धीमुर्धी होती, नळ आले नव्हते, सगळी कॉलनी आमच्या विहिरीवर पाण्याला यायची. मास्तर लोक, कचेऱ्यांतले कारकून, त्यांच्या बायका, सगळे. बायका अव्वाला 'वहिनी' म्हणायच्या, रहाट ओढताना गुडघे दुखतात म्हणून सांगायच्या, जाताना वाटीभर ताक मागून न्यायच्या. मग नळ आले. नळ आल्यावर दुसऱ्याच महिन्यात विहीर लहान मुलांना धोकादायक आहे असा ठराव झाला. वहिनी म्हणणं बंद झालं. म्हशींच्या माशा दिसायला लागल्या, शेणाचा वास यायला लागला. मला आजही कुणी 'आमच्या कॉलनीत किती एकोपा होता' म्हणून सांगायला लागलं की मी विचारते, नळाच्या आधी की नंतर?

त्या कॉलनीचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर, ती सतत मोजत असायची. रविवारी सकाळी मिलचा भोंगा व्हायच्या सुमारास कुठल्या तरी घरातून टेप निघायची. कापडी टेप, चामड्याच्या गोल डबीतली, पितळी मुठीनं गुंडाळायची. एक जण टोक धरून उभा, दुसरा उलटा चालत निघालेला, तिसरा वही घेऊन, आणि शेजारी दारात हाताची घडी घालून बघतोय की आपला वीतभर गेला तर नाही. कोपऱ्याकोपऱ्याला चुना फासलेले दगड. त्यांवरून भांडणं, भांडणांवरून अर्ज, अर्जांवरून बोलणं बंद. माणसं एकमेकांना नावानं कमी आणि प्लॉट नंबरानं जास्त ओळखत. 'नऊ नंबरवालीनं आज पुरणपोळ्या केल्या वाटतं.' आम्हाला नंबर नव्हता. आम्ही 'कोपऱ्यावरचे म्हशीवाले'. अकराच्या सुमाराला घराघरांतून कुकरच्या शिट्ट्या निघायच्या, आणि आमच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज. मला त्या आवाजाची लाज वाटायला लागली. अव्वा दणकून थापायची. मी तिला म्हणायची, हळू थाप की गं. ती म्हणायची, 'हळू थापल्याली भाकरी फुगती व्हय?'

मोजणाऱ्यांत सगळ्यात मोठे भाऊसाहेब. ते मोजणी खात्यात कारकून होते, कॉलनीत मागून, मी नववीत गेले त्या उन्हाळ्यात आले आणि दिवाळीच्या आत सेक्रेटरी झाले. त्यांची मुलगी वंदना माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर. ती माझी मैत्रीण होती असं मी तेव्हा समजत होते. मी रोज तिच्याकडं अभ्यासाला जायची. जाण्याआधी घरी साबणानं हात धुवायचे, तिच्याकडं गेल्यावर तिची आई म्हणायची, 'कमळ, हात धू आणि मग वह्यांना लाव,' की पुन्हा धुवायचे. तिथं ओट्यावर जाळीचं कपाट होतं, खोबरं घातलेले पोहे मिळायचे, आणि भिंतीवर सागवानी देव्हारा होता. त्यातले देव चांदीचे, नाकीडोळी नीट. मी त्या घरात आहे-नाही म्हणायची आणि आमच्या उंबऱ्यात पाय ठेवला की हाय-न्हाय. मला कुणी शिकवलं नव्हतं, पण मी बदलायला कधी चुकले नाही.

येळवस म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. मार्गशीर्षातली अमावस्या. ज्वारी कणसाला आलेली, हरभरा घाट्यात, आणि त्या दिवशी आमच्याकडचं माणूस घरात जेवत नाही, रानात जेवतं. पांडव एरवी गवतात दिसतही नसत, आदल्या दिवशी गवत काढून त्यांना चुना द्यायचा. त्यांच्यावर कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी करायची. मडकंभर आंबील, म्हणजे ताकातली, ज्वारीच्या कण्या घातलेली आंबट पेज, लसूण-जिऱ्याची. सगळ्या शेंगा, सगळे दाणे, कांद्याची पात, चिंच घालून केलेली भज्जी. ती तळायची नसते, पातेल्यात रटरटून शिजते आणि हाताला दोन दिवस वास राहतो. बाजरीचे उंडे, शेंगांच्या पोळ्या, गव्हाची खीर. आणि महत्त्वाचं म्हणजे ज्याला हाक घालाल त्यानं यायचं असतं. वाटेनं जाणाऱ्याला धरून बसवायचं असतं. अव्वा उन्हात उभी राहून हाका घालायची, 'बर्री, ऊटा माडरी,' या, जेवा. पहिल्या वर्षांत कॉलनी यायची. चार नंबरचे मास्तर तर आंबिलीवर असा ताव मारायचे की अव्वा त्यांच्यासाठी वेगळी चरवी भरून ठेवायची. रान गेल्यावरही ती लिंबाभोवती दोन ओळी ज्वारी टोकायची, देवांना रानात असल्यासारखं वाटावं म्हणून.

मी नववीत होते त्या वर्षीची गोष्ट. येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळी अव्वानं चुना कालवला आणि कुंचा माझ्या हातात दिला. त्याआधी ते काम तीच करायची. 'आता तू मोठी झालीस. धर्मराजापासनं सुरू कर,' म्हणाली. कोण कुठला ते तिनं बोटानं दाखवलं. बुटका रुंद तो भीम, टोक मोडलेला तो अर्जुन, शेवटी दोन जुळे. त्यांना चुना देताना तोंडातल्या तोंडात काही तरी म्हणायचं होतं, अर्धं कानडी, अर्धं मराठी. ते ती म्हणाली. 'उद्या पूजेच्या टायमाला नीट सांगते, ध्येनात ठेव,' म्हणाली. मग आप्पा आणि ती मंद्रूपच्या बाजाराला गेली, भज्जीसाठी पाला आणायला. आप्पांनी जाण्याआधी खोपेचे चार मेढे रोवले होते आणि कडब्याच्या पेंढ्या शेजारी रचून ठेवल्या होत्या. मी हात धुतले, वह्या घेतल्या आणि वंदनाकडं गेले.

दुपारी आम्ही तिघीचौघी मुली त्यांच्या ओसरीवर भूमिती करत बसलो होतो. बाहेरून भाऊसाहेबांचा आवाज आला. मोकळ्या जागेत ते, चार नंबरचे मास्तर आणि आणखी एक कमिटीवाला उभे होते. हातात टेप. मुली बघायला उठल्या, म्हणून मीही गेले. भाऊसाहेब वाकून एका दगडाला बोट लावत होते. बोट पांढरं झालं. 'ओला आहे,' ते म्हणाले. 'आजच लावलाय. पाच दगड, आणि हे बघा, मेढे रोवलेत. शेड घालतोय तो. म्हशी इथं आणून बांधणार.' त्यांनी दगडादगडांमधलं अंतर घेतलं, वहीत आकृती काढली. चार दगडांचा चौकोन कसाबसा जमला. पाचवा बसेना. मग त्यांनी तो येण्याजाण्याच्या वाटेचा धरला. हे सांगताना मला आज हसू येतं. सगळा जन्म चुन्याचे दगड बघण्यात गेलेल्या माणसाला चुन्याचा दगड दिसला की हद्दच दिसणार, दुसरं काय दिसणार. पण चार नंबरच्या मास्तरांना तर माहीत होतं. त्यांनी त्याच दगडांसमोर मांडी घालून दोनतीन वर्षं आंबील ओरपली होती. भाऊसाहेबांनी विचारलं, 'मास्तर, तुम्ही जुने. हे काय आहे तुम्हाला माहिती?' मास्तर चपलेकडं बघत म्हणाले, 'शेतकऱ्यांचं काही सांगता येत नाही.'

मग भाऊसाहेबांचं लक्ष माझ्याकडं गेलं. आवाज मऊ करून म्हणाले, 'कमळ, हे दगड कसले गं? तुझ्या वडिलांनी आजच लावलेत का?'

पांडव हायत, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण वंदना माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती. मला त्यांचा सागवानी देव्हारा आठवला. आमच्या देवांना डोळेसुद्धा नव्हते. मुलींनी पुढं विचारलं असतं, यातला भीम कुठला, आणि त्या हसल्या असत्या. माझ्या नखांत चुना होता, तो मी पाठीमागं लपवला आणि म्हणाले, 'मला माहीत नाही, काका.'

शेजारीच भाऊसाहेबांच्या कंपाउंडचं काम चालू होतं. गवंडी आणि दोन बिगारी पहार घेऊन आले. पाचही दगड अर्ध्या तासात उपटून झाले. भाऊसाहेबांना काही वाया घालवायला आवडत नसे, त्यांनी ते भिंतीच्या पायात घालायला सांगितले. मी ओसरीवर परत जाऊन बसले. पोहे आले, ते खाल्ले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पोहे खाल्ले आणि प्रमेय पूर्ण केलं.

दिवे लागायच्या आधी आप्पा आणि अव्वा परतली. अव्वाच्या डोक्यावर पाल्याचं बोचकं होतं. लिंबाखाली पाच खड्डे आणि तुडवलेल्या ज्वारीच्या दोन ओळी बघून तिनं बोचकं हळूच खाली ठेवलं. घरी येऊन मला म्हणाली, 'कमळे, देव कुटं गेली?' मी म्हणाले, 'म्या वंदनाकडं हुते.' ते खोटं नव्हतं. ती तशीच वळली आणि दारोदार विचारत निघाली. मागं आप्पा, त्यांच्या मागं मी. भाऊसाहेबांच्या दारात पोचेपर्यंत दगड भिंतीत गेल्याचं कळलं होतं आणि निम्मी कॉलनी अंगणात आली होती. ते दगड म्हणजे आमचे देव, हे आप्पांनी सांगितल्यावर भाऊसाहेब क्षणभर गोंधळले, हे मी नाकारत नाही. पण समोर माणसं होती आणि ते सेक्रेटरी होते.

'देव होते तर पाटी लावायची होती,' ते म्हणाले. 'आम्हाला स्वप्न पडणार का?'

आप्पा म्हणाले, 'साहेब, रान इकताना बोलणं झालं हुतं. हितली जुनी मान्सं हायती की. इचारा त्यांनला.'

जुनी माणसं हाताची घडी घालून उभी होती. कुणी चपलेकडं बघत होतं, कुणी लिंबाकडं. चार नंबरचे मास्तर तर आलेच नव्हते. मग भाऊसाहेबांनी माझ्याकडं हात केला. 'आम्ही काही न विचारता केलेलं नाही. तुमच्याच मुलीला विचारलं. नववीत आहे, हुशार आहे. ती म्हणाली, मला माहीत नाही. आता घरच्याच माणसाला माहीत नाही म्हटल्यावर आम्ही काय समजायचं?'

सगळी माझ्याकडं बघायला लागली. अव्वाही. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग हातांकडं. मी ते पुन्हा पाठीमागं घेतले होते, पण तिला काय दिसायचं ते दिसलं. मला वाटलं आता ती माझ्या कानफटात मारेल, आणि खरं सांगते, तिनं मारावं अशीच माझी इच्छा होती. ती भाऊसाहेबांकडं वळली आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, 'खरं बोलली ती. तिला कुटनं ठावं आसणार? म्या तिला कदी सांगितलंच न्हाय.'

भाऊसाहेब म्हणाले, 'बघा, म्हणजे चूक तुमचीच.'

'व्हय,' अव्वा म्हणाली. 'माजीच.'

आप्पांचा तोल मग सुटला. गवंड्याची पहार भिंतीला टेकवलेली होती ती त्यांनी उचलली. पायाचा थर ओलाच होता, दोन घावांत फुटला असता. अव्वानं त्यांच्या मनगटाला धरलं. 'थांबा की. आत देव हायत. पहार कुणाला लागंल, काय ठावं.' आप्पांनी पहार टाकली. आम्ही तिघं घरी आलो. त्या रात्री आमच्या घरात माझ्याशी कुणी वाईट बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी अव्वानं सगळा स्वयंपाक केला. कॉलनीतल्या एकाही घराला बोलावणं गेलं नाही. तिनं आंबिलीचं मडकं डोक्यावर घेतलं आणि भाऊसाहेबांच्या अर्ध्या भिंतीपाशी नेऊन ठेवलं, खालच्या थराला हळदीकुंकू लावलं आणि गवंडी, दोन बिगारी, त्यांच्या बायका असं सगळ्यांना तिथंच रस्त्यावर पंगतीला बसवलं. गवंड्यानं दोन्ही कान धरले. म्हणाला, 'आक्का, चुना दिसला हुता मला, पर सायबाम्होरं कसं बोलावं?' अव्वा म्हणाली, 'जेव बाबा, लई लांबनं आलास.' खिडक्यांचे पडदे हलत होते. मी वाढत होते. ती पदार्थ माझ्या हातात देत होती, पण हळद लावताना तिनं मला जवळ बोलावलं नाही आणि जे म्हणायचं ते माझ्याकडं पाठ करून, ओठांतल्या ओठांत म्हणाली.

भाऊसाहेबांचं घर पुढं बिल्डरनं घेतलं. भिंत जेसीबीनं एका सकाळीत गेली, राडारोडा ट्रकमधून कुठं टाकला कुणास ठाऊक. तिथं आता सात मजली इमारत आहे आणि खाली गाड्या. लिंब बाग करताना तोडला. वंदना पुण्याला असते, रोज सकाळी मला फुलांची चित्रं पाठवते, मी ती पुसून टाकते. मला लोक विचारतात, एवढा राग आहे तर इथं राहता कशाला? माझं घर आहे म्हणून राहते, आणि यांच्या डोळ्यांत सलावं म्हणून राहते. भाऊसाहेबांना मी माफ केलेलं नाही, मास्तरांना तर नाहीच. त्यांची नावं स्मरणिकेत आधारस्तंभ म्हणून छापली आहेत. आणि माझं नाव त्याच पानावर शोभलं असतं हेही मला कळतं. त्या दुपारी मास्तर जे बोलले आणि मी जे बोलले त्यात काडीचा फरक नव्हता. उलट ते देव त्यांचे नव्हते, माझे होते.

अव्वानं मला त्याबद्दल पुढं कधीच विचारलं नाही. मी वाट बघत राहिले. तिनं फक्त एक केलं. भाऊसाहेबांसमोर ती जे खोटं बोलली होती, ते तिनं त्या दिवसापासून खरं करून टाकलं. पुढच्या वर्षीपासून येळवशीला ती आणि आप्पा अक्कलकोटकडं मामाच्या रानात जायला लागली. मी निघाले की म्हणायची, 'तुजा अब्यास हाय, तू रहा.' अभ्यास संपला, मग माझी नोकरी होती, मग माझा संसार होता. आंबील लावताना मी चुलीपाशी गेले तर झाकण टाकायची. बोलायला प्रेमानं बोलायची, माझ्या बाळंतपणात महिना महिना राहिली, माझ्या मुलांना खेळवलं, पण रानातलं, देवातलं, तिच्या माहेरचं एक अक्षर तिनं मला पुन्हा सांगितलं नाही. मी एकदा विचारलंही, ते चुना देताना म्हणायचं काय होतं गं? ती म्हणाली, 'तुला काय करायचंय त्ये?' आवाजात राग नव्हता.

ती गेली त्या वर्षी येळवशीच्या दिवशी सकाळी मामाच्या सुनेचा फोन आला. पांडवांना चुना द्यायला सगळी थांबली होती. इतकी वर्षं ते म्हणणं अव्वाच म्हणायची, बाकी कुणाला येत नव्हतं. मागं रानातला वारा ऐकू येत होता, पोरांचा गलका होता. ती म्हणाली, 'आक्का, तुमी तिची लेक की. तुमाला ठावं आसंलच. फोन धरून सांगा, आमी मागनं म्हणतो.'

मी तिला म्हणाले, मला माहीत नाही. या वेळी ते खरं होतं.